पुणे ते बंगलोर: पहिल्या वर्षाचा घरखर्च, कागदपत्रं आणि अडकलेले पैसे

नवऱ्याच्या बदलीचं पक्कं झालं ते २०२४ च्या फेब्रुवारीत, आणि नेमक्या त्याच दिवसांत बंगलोरच्या पाणीटंचाईच्या बातम्या रोज टीव्हीवर होत्या. बोअर आटलेत, टँकरवाले वाट्टेल ते पैसे घेतायत, मोठमोठ्या सोसायट्यांत पाणी तासावर आलंय. घरात सगळे म्हणत होते नका जाऊ, तिथे सगळंच महाग आहे. आता एक वर्ष होऊन गेलं, पहिल्या महिन्यापासून वहीत लिहिलेला हिशोब समोर आहे, आणि जाणाऱ्या बऱ्याच जणांचे फोन येतात म्हणून सगळं एकदा सलग लिहून ठेवते. आकडे आमच्या घराचे आहेत, नवरा-बायको आणि चौथीतली मुलगी, पुण्यात सिंहगड रोडला टू बीएचके होता आणि इथे कनकपुरा रोडच्या बाजूला आहे, तुमचं थोडंफार वेगळं निघेल.

एप्रिलमध्ये घर बघायला आलो. ब्रोकरने एक महिन्याचं भाडं घेतलं, ते पुण्यातही द्यावं लागतंच. फरक दिसला तो डिपॉझिटला. पुण्यात आमचं भाडं २१,००० आणि डिपॉझिट ६०,००० होतं, सोसायटीचा मेंटेनन्स मालक भरायचे. इथे भाडं ३०,०००, मेंटेनन्स ३,५०० वेगळा आणि तो भाडेकरूने भरायचा, आणि डिपॉझिट १,८०,०००. पूर्वी इथे दहा महिन्यांचं डिपॉझिट सर्रास घ्यायचे, आता पाच-सहा महिन्यांवर आलंय, तरी ही रक्कम एका दमात काढायची म्हणजे एफडी मोडावी लागते आणि आम्ही मोडली. दोन घरं मला जास्त आवडली होती पण तिथे आठ महिन्यांचं डिपॉझिट मागत होते म्हणून सोडली. त्याचं वाईट वाटलं तेव्हा, कारण एका घरातून पूर्ण तळं दिसत होतं.

घर बघताना भाड्याच्या आधी पाण्याचं विचारा, हे मी सगळ्यांना सांगते. कावेरीचं, म्हणजे नळाला येणाऱ्या सरकारी पाण्याचं कनेक्शन आहे का, किती दिवसाआड येतं, बोअर चालू आहे की कोरडा, आणि उन्हाळ्यात महिन्याला किती टँकर लागतात. ही माहिती ब्रोकरकडून नाही मिळत, खालच्या वॉचमनला किंवा सोसायटीतल्या एखाद्या काकूंना विचारलं की दोन मिनिटांत सगळं कळतं. त्या मार्चमध्ये जिल्हा प्रशासनाने टँकरचे दर ठरवून दिले होते, ५ किलोमीटरच्या आत ६,००० लिटरचा टँकर ६०० रुपये आणि १२,००० लिटरचा १,०००, त्यामुळे सोसायटीकडे टँकरची बिलं बघायला मागितली तर अंदाज येतो. आम्ही घेतलेल्या बिल्डिंगमध्ये कावेरी आणि बोअर दोन्ही आहे, प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा मीटर आहे आणि वापरेल त्याप्रमाणे पैसे. आम्हाला महिन्याला ८०० ते १,००० येतं. पुण्यात पाण्याचे वेगळे पैसे कधी मोजले नव्हते, त्यामुळे नळ सोडताना मीटर आठवतो आता, मुलीलासुद्धा.

अ‍ॅग्रीमेंटचा प्रकार वेगळा आहे तोही सांगते. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करावंच लागतं, स्टॅम्प ड्युटी, शहरात १,००० रुपये रजिस्ट्रेशन, घरी येऊन अंगठे घेऊन जातात आणि मग तो कागद बँकेपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे चालतो. इथे बहुतेक ठिकाणी ११ महिन्यांचा करार ई-स्टॅम्प पेपरवर करतात, फार तर नोटरी. खर्च कमी, पण पत्त्याचा पुरावा म्हणून तो कागद तितका भक्कम नाही, आणि ह्यात पुढे आमचे दोन महिने गेले. करारात दोन ओळी नीट वाचा. एक म्हणजे दर ११ महिन्यांनी ५ टक्के वाढ, आणि दुसरी म्हणजे घर सोडताना पेंटिंगसाठी एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापणार. ही दुसरी ओळ इथे जवळजवळ सगळ्या करारांत असते, घर सहा महिन्यांत सोडा नाहीतर सहा वर्षांत. आम्ही घासाघीस करून निदान १५,००० वर आणली. सही करायच्या आधी विचारलं तर मालक ऐकतात, नंतर कोणी ऐकत नाही. आणि राहायला जायच्या दिवशी भिंती, नळ, फरशी, सगळ्याचे फोटो काढून मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा.

पुण्यातली आवराआवर मेमध्ये. मुलीचा शाळेचा दाखला, गॅस, बँका, पॅकर्स. सामानाला ४८,००० लागले त्यातले निम्मे कंपनीने दिले, गाडी आम्ही स्वतः चालवत आणली, सातारा कोल्हापूर बेळगाव हुबळी करत, मध्ये एक मुक्काम. गॅसचं मात्र आठवणीने करा. सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा केले की ते ट्रान्सफर व्हाउचर देतात आणि तुमच्या जुन्या पावतीवर जेवढं डिपॉझिट असेल तेवढं परत देतात, नवीन ठिकाणी आजच्या दराने भरायचं, म्हणजे एका १४.२ किलोच्या सिलिंडरला २,२०० आणि रेग्युलेटरला २५०. आमचं कनेक्शन लग्नानंतर लगेच घेतलेलं, त्यामुळे परत मिळालेले पैसे आणि भरलेले पैसे यात बराच फरक पडला. पण हे गॅस कनेक्शन पुढे पत्त्याच्या पुराव्यासाठी किती कामाला येणार आहे हे तेव्हा कळलं नव्हतं. सिलिंडरचा दर दोन्हीकडे तेव्हा ८०० च्या जरा वर, तिथे काही फरक नाही.

जूनचा पहिला महिना किराण्याचा हिशोब बघून मला रडू यायचं बाकी होतं. पुण्यात किराणा, भाजी, फळं मिळून ९,००० च्या आसपास जायचं, इथे १२,५०० च्या वर गेलं आणि तरी डबे रिकामेच वाटत होते. कारण सरळ होतं, मी पुण्याचं सामान इथे शोधत होते. इंद्रायणी तांदूळ ऑनलाइन मागवला, ज्वारीचं पीठ सुपरमार्केटमधून छोट्या पाकिटातलं घेतलं, बाकरवडी, पोह्याची ठरावीक जाडी, सगळंच बाहेरून आणलेलं म्हणून महाग. मग शेजारच्या काकूंनी, त्या धारवाडकडच्या, मला हाताला धरून उत्तर कर्नाटकच्या सामानाच्या दुकानात नेलं. तिथे ज्वारी सुटी मिळते, गिरणीतून दळून मिळते, कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, सगळं आपल्या सोलापूरकडच्यासारखं. बंगलोरच्या बऱ्याच भागांत अशी दुकानं आहेत, आधी ती शोधा. तांदूळ मी सोना मसुरीवर आणला, आठवड्यातून दोनदा नाचणी सुरू केली, ती इथे ताजी आणि स्वस्त, आणि गोडा मसाला तेवढा आई पाठवते. सप्टेंबरपर्यंत खर्च पुन्हा साडेनऊ हजारांवर आला.

भाजीसाठी हॉपकॉम्सची दुकानं बघून ठेवा, ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे, बाहेर फळ्यावर त्या दिवसाचे भाव लिहिलेले असतात आणि तोच भाव सगळ्यांना. मला सुरुवातीला कन्नड येत नव्हतं तेव्हा त्या फळ्याचा फार आधार होता, कारण तिथे भाव विचारायचाच नसतो, आकडा वाचायचा आणि वजन सांगायचं. केळी इथे डझनावर नाही, किलोवर मिळतात, छोटी वेलची केळी महाग असतात पण मुलीला आता तीच लागतात. पालेभाजीच्या जुड्या पुण्यापेक्षा छोट्या, त्यामुळे जुडीचा भाव बघून स्वस्त वाटलं तरी दोन घ्याव्या लागतात.

दुधात मात्र पहिल्या दिवसापासून बचत झाली. पुण्यात चितळेंचं घ्यायचो, इथे नंदिनी, सरकारी सहकारी महासंघाचं दूध, आणि निळ्या पिशवीचा दर तेव्हा लिटरला ४२ होता. जूनच्या शेवटी त्यांनी पिशवीमागे २ रुपये वाढवले पण त्याबरोबर ५० मिली दूधही जास्त दिलं, त्यामुळे अर्ध्या लिटरच्या पिशवीवर ५५० मिली छापलेलं यायचं. पुढे १ एप्रिल २०२५ पासून लिटरमागे ४ रुपये वाढले, तरीही आमच्या दीड लिटर रोजच्या हिशोबाने महिन्याला पाच-सहाशे वाचतातच. दूध पातळ वाटतं अशी तक्रार ऐकू येते, चहाला आणि दह्याला आम्हाला काही जाणवलं नाही, खव्यासाठी जाड दुधाची पिशवी वेगळी मिळते.

बाहेर खाण्यात पण फरक आहे. इथल्या उभ्याने खायच्या दर्शिनी हॉटेलांत इडली-वडा आणि फिल्टर कॉफी तिघांची दोनशेच्या आत व्हायची, पुण्यात रविवारचा नाश्ता साडेतीनशेला जायचा.

आता पत्त्याचं. हा भाग कंटाळवाणा आहे पण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचले. कर्नाटकात २०२३ पासून दोन योजना आहेत ज्यांचा मध्यमवर्गीय घरालाही फायदा मिळतो. शक्ती योजनेत राज्यात राहणाऱ्या बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे, आणि गृहज्योतीत घरगुती विजेचे २०० युनिटपर्यंत पैसे नाहीत, भाडेकरूंनाही. पण शक्तीसाठी इथला पत्ता असलेलं ओळखपत्र हवं, आणि आमच्या आधारवर पुण्याचा पत्ता. नोटरीचा करार घेऊन आधार केंद्रात गेले तर तो चालणार नाही म्हणाले. विजेचं बिल मालकांच्या नावावर. शेवटी उपयोगी पडलं ते गॅसचं. एजन्सीने तोच करार बघून कनेक्शन माझ्या नावावर दिलं होतं, त्यांचं ताजं बिल, तीन महिन्यांच्या आतलं, घेऊन ऑनलाइन अर्ज केला, फी तेव्हा ५० रुपये होती. एकदा रिजेक्ट झाला कारण बिलावर फ्लॅट नंबर नव्हता, एजन्सीत जाऊन पूर्ण पत्ता टाकून घेतला आणि परत भरला, मग झालं. तेव्हा गॅसच्या पहिल्याच दिवशी पत्ता अक्षरन् अक्षर करारासारखा लिहून घ्या, बिल्डिंगचं नाव, क्रॉस आणि मेन (इथल्या गल्ली-रस्त्यांचे नंबर), पिनकोड, सगळं. नवऱ्याचं आणि मुलीचं त्यानंतर कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून झालं, वेगळा पुरावा लागला नाही. मतदार यादीसाठी फॉर्म ८ ऑनलाइन भरला, त्याला पैसे नाहीत.

ऑगस्टमध्ये पहिल्यांदा नवीन आधार दाखवून बसमध्ये चढले. कंडक्टरने कार्ड बघितलं, पत्त्याच्या ओळीवरून बोट फिरवलं आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं. मी ते पर्समध्ये जपून ठेवलं होतं बरेच दिवस. मी आठवड्यातून तीन-चार दिवस शिकवायला जाते, पुण्यात रिक्षा नाहीतर स्कूटर, इथे बस, त्यामुळे महिन्याला हजारभर वाचतात. तिकीट फुकट असलं तरी ते घ्यावंच लागतं, आणि एसी बसला योजना लागू नाही, पैसे पडतात.

विजेचं जरा अवघड गेलं. आमच्या फ्लॅटच्या वीजखात्याला आधीच्या भाडेकरूचं आधार जोडलेलं होतं आणि ते काढायची सोयच नव्हती, त्यामुळे मे ते जुलै पूर्ण बिल भरलं. ऑगस्टच्या सुरुवातीला सरकारने सेवा सिंधू पोर्टलवर डी-लिंकचा पर्याय दिला. मालकांकडून आधीच्या भाडेकरूंचा नंबर घेतला, त्यांना फोन केला, ते भले गृहस्थ, त्याच रात्री ओटीपी टाकून मोकळे झाले, मग आम्ही आमचं आधार जोडलं. एक गोष्ट लक्षात घ्या, सरसकट २०० युनिट फुकट नसतात, त्या घराच्या २०२२-२३ च्या महिन्याच्या सरासरी वापरावर १० टक्के जास्त एवढी तुमची मर्यादा, त्याच्या वरच्या युनिटचे पैसे, आणि २०० ओलांडले तर सगळंच बिल आपलं. आमची मर्यादा १२० च्या आसपास आहे. इमारतीवर सोलरचं गरम पाणी आहे आणि एसी लागत नाही, त्यामुळे बिल कधी शून्य तर कधी शंभराच्या आत. पुण्यात १४०-१५० युनिटला चौदाशे-पंधराशे यायचे, कारण महावितरणचा दर शंभर युनिटच्या पुढे एकदम चढतो. फुकट नसतं धरलं तरी इथे त्या वर्षी घरगुती दर सरसकट ५ रुपये ९० पैसे होता, म्हणजे कमीच. घर बदलून जाताना स्वतःचं आधार डी-लिंक करून जा, मागून येणाऱ्याला फोन करत बसावं लागणार नाही.

प्रवासाचा हिशोब वर्षभरात दोन-तीनदा बदलला. आम्ही आलो तेव्हा इथे पेट्रोल शंभराच्या जरा खाली होतं, म्हणलं चला पुण्यापेक्षा चार रुपये कमी, आणि १५ जूनला राज्याने कर वाढवला, एकदम ३ रुपये चढले. नवरा मेट्रोने जातो, सुरुवातीला जाऊन-येऊन ८०-८५ लागायचे, ९ फेब्रुवारी २०२५ पासून भाडेवाढ झाली आणि ते १२० वर गेलं, कमाल भाडं ६० वरून ९०. कार्डावर ५ टक्के सूट आहे, टोकन घेऊ नका. एवढं होऊनही पुण्यात रोज हिंजवडीला गाडी नेण्यात साडेसात हजारांचं पेट्रोल जायचं, इथे मेट्रो आणि पेट्रोल मिळून चार-सव्वाचार हजार होतात. रिक्षाचं कागदावर स्वस्त होतं, जुलै २०२५ पर्यंत २ किलोमीटरला ३० आणि पुढे किलोमीटरला १५, पण मीटरने जायला तयार होणारे कमी, अ‍ॅपवर दर बघूनच बसते.

मोलकरणींचे पगार कामाप्रमाणे वेगळे ठरतात, झाडू-फरशी वेगळी, भांडी वेगळी, आम्हाला पुण्यापेक्षा ८०० जास्त पडतात.

सगळ्यात मोठा खर्च शेवटी आला, गाडीचा. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त राहिली तर नवीन नंबर घ्यावा लागतो हे मोटार वाहन कायद्यातच आहे, आणि कर्नाटकाचा आजीवन कर देशातल्या जास्तीतल्या करांपैकी एक आहे. आमची गाडी २०१८ ची, साडेसहा लाखांची. त्या किमतीला १४ टक्के कर, त्यातून गाडीच्या वयाप्रमाणे सूट, वर करावर ११ टक्के उपकर, असं करून सत्तर हजारांच्या आसपास आकडा आला. विकून इथली जुनी गाडी घ्यावी का हाही हिशोब केला, पण इथे जुन्या गाड्यांच्या किमतीही चढ्या, त्यामुळे हीच ठेवायचं ठरलं. फेब्रुवारीत परिवहनच्या साइटवर एनओसीसाठी फॉर्म २८ भरला. त्याआधी महाराष्ट्रातले ई-चलन सगळे भरून टाका, कर्ज फिटलं असेल तरी आरसीवरून बँकेचं नाव काढून घ्या, विमा आणि पीयूसी चालू ठेवा, आणि चेसिस नंबरची पेन्सिलने घासलेली छाप लागते ती इथेच काढून कुरियर केली. पुण्यातलं आरटीओचं काम भावाने बघितलं, मार्चअखेर एनओसी हातात आली. मग इथे फॉर्म २७, जुनी आरसी, मूळ इनव्हॉइस, पत्त्याचा पुरावा, गाडी घेऊन तपासणी. इनव्हॉइस महत्त्वाचं, करासाठी किंमत त्यावरून धरतात. ज्यांच्या कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत आहेत त्यांनी नवीन गाडी घेताना बीएच (भारत सिरीज) नंबरचा विचार जरूर करा, राज्य बदललं तरी तो बदलावा लागत नाही. आणि वर्ष व्हायच्या आत रस्त्यात अडवलं तर गाडी कधी आली हे दाखवायला फास्टॅगचं स्टेटमेंट मोबाइलमध्ये ठेवा, आम्हाला दोनदा दाखवावं लागलं आणि दोन्ही वेळा तेवढ्यावर सोडलं.

मेमध्ये केए, म्हणजे कर्नाटकचा नंबर लागला. त्यानंतर विम्यात आणि फास्टॅगवर नवीन नंबर टाकून घ्यायचा, फास्टॅगचं राहिलं तर टोलला अडकता.

तर महिन्याचा फरक म्हणाल तर भाडं, मेंटेनन्स आणि पाणी मिळून पुण्यापेक्षा साडेतेरा हजार जास्त जातात, आणि वीज, दूध, पेट्रोल, बस यांतून साधारण सहा-साडेसहा हजार परत येतात, मोलकरणीचे वाढीव धरून आम्हाला इथे महिन्याला साडेसात-आठ हजार जास्त लागतात. ते पगारवाढीत बसले. खरी ओढाताण झाली ती एकरकमी पैशांची. डिपॉझिटचे १,८०,०००, ब्रोकरचे ३०,०००, सामानाचे आमच्या वाट्याचे २४,०००, गाडीचे सत्तर हजार, म्हणजे वर्षभरात तीन लाखांच्या वर, आणि पुण्याचं ६०,००० डिपॉझिट परत यायला जुलै उजाडला. नोकरीचं बोलणं चालू असेल तेव्हा महिन्याच्या पगाराबरोबर ह्या रकमेचंही कंपनीशी बोला. बदलीचा खर्च देणाऱ्या कंपन्या सामानाचे पैसे देतात, पण गाडीच्या कराचं आपण विचारल्याशिवाय कोणी काढत नाही. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात त्याच्यानंतर आलेल्या एकाने विचारलं आणि त्याला काही भाग मिळाला.

एप्रिलमध्ये करार नव्याने केला, मालकांनी ५ टक्क्यांऐवजी १,००० रुपयेच वाढवले. महाराष्ट्रात भरलेल्या रोड टॅक्सच्या उरलेल्या वर्षांच्या परताव्यासाठी जूनमध्ये भावाने अर्ज दिलाय, त्याला नवीन आरसी, इथल्या कराची पावती, पुण्याची मूळ कराची पावती आणि कॅन्सल्ड चेक लागतो. अर्जाची पोच घेऊन ठेवली आहे. पैसे आले की किती आले आणि किती दिवसांनी, ते इथे खाली लिहीन.